शब्दाला शब्द

सहा नंबरने भाजीची पिशवी उंबऱ्याशी टेकवली, बूट काढले आणि आत न येता दारातूनच म्हणाला,

"बाई, मी काही सांगायला आलेलो नाही हं."

टायपिंगच्या बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. रविवारची सकाळ, घामाघूम झालेला माणूस, पिशवीतून डोकावणारा पालेभाजीचा शेंडा. तीस वर्षं वर्ग चालवलेल्या बाईला एवढं पुरे होतं. "सांगायला आलो नाही" म्हणणारा विद्यार्थी नेमका सांगायलाच आलेला असतो.

"मग बसायला आलास का? बस."

बाई आपल्या विद्यार्थ्यांना मशीनच्या नंबरावरून ओळखत. ज्या मशीनवर जो शिकला, तो जन्मभर तोच. गावातल्या बँकेत चार नंबर होता, कोर्टात अकरा नंबर होती, आणि हा सहा नंबर नगररचना कार्यालयात आवक-जावकच्या खिडकीवर बसत असे. आता त्याच्याही कानशिलावर पांढरे केस आले होते. पण बाईंसमोर खुर्चीत बसताना तो अजूनही आधी हात पुसून घेत असे.

"नियम फलकावर लावलेला असतो," तो म्हणाला. "कार्यालयाच्या बाहेर, जिन्याखाली. कोणी वाचत नाही, तो भाग वेगळा. त्यात सातवा मुद्दा असा आहे, की एकाच मजकुराच्या हरकती कितीही आल्या तरी एकच हरकत धरायची."

"बरं मग?"

"मी आपला नियम सांगतोय."

सहा नंबरने टेबलावरची धूळ नसलेली जागा बोटाने पुसली.

"बाई, आमच्याकडे टाकीच्या मैदानाबद्दल दोनशे चौदा हरकती आल्या आहेत. मी वरचा कागद उचलला आणि न वाचताच ओळखलं. डावीकडे तेवढाच समास, 'विषय'च्या आधी तेवढीच जागा, सहीसाठी चार ओळी मोकळ्या. असा कागद गावात एकच माणूस काढतो." तो थांबला. "मग दुसरा उचलला. मग तिसरा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

गोष्ट अशी होती. टाकीच्या मैदानावर पाण्याची टाकी नव्हती. ती पाडून बावीस वर्षं झाली होती, पण नाव मागे राहिलं होतं. दोन एकर सपाट जमीन, कडेने सहा-सात जुनी झाडं, टाकीच्या पायाचा उरलेला एक कट्टा. संध्याकाळी सगळी वस्ती तिथे असायची. मग एक दिवस वर्तमानपत्रात बारीक अक्षरात छापून आलं, की त्या जागी गाड्या ठेवायची चार मजली इमारत आणि खाली दुकानं होणार, कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. निवृत्त पोस्टमास्तरांनी ते बारीक अक्षर वाचलं, कारण जन्मभर त्यांनी त्याहून बारीक अक्षरातले पत्ते वाचले होते. त्यांनी दारोदार जाऊन माणसं गोळा केली. मैदान उद्यानासाठी राखून ठेवा, एवढंच मागायचं ठरलं. आणि लिहायचं कोणी, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. वस्तीत बाई असताना अर्ज दुसरीकडे कशाला?

बाईंनी अठरा दिवस टायपिंग केलं. वर्ग बंद होऊन दहा वर्षं झाली होती, तीन मशीन तेवढी उरली होती. त्यातल्या बऱ्यातल्या बऱ्या मशीनवर त्या सकाळी नऊला बसत. कोणी सुचवलं, की एक टाइप करा आणि झेरॉक्स काढा. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन दिवस फिरकला नाही. प्रत्येक माणसाची हरकत स्वतंत्र, प्रत्येक कागद नव्याने टाइप केलेला, एकाही कागदावर खाडाखोड नाही. बोटं सुजली तेव्हा त्यांनी कोमट पाण्यात बुडवली आणि पुन्हा बसल्या.

माणसं यायची, समोरच्या बाकावर बसायची आणि सांगायला लागायची. सलूनवाला सांगायचा, बस चालवणारा सांगायचा. बाई ऐकत ऐकत कागद सरळ करायच्या आणि म्हणायच्या, "मुद्द्याचं काय ते मी लिहिते." मग मशीन खडखडायचं: सदर भूखंड हा सार्वजनिक उपयोगाचा असून परिसरातील नागरिकांच्या आरोग्याच्या दृष्टीने अत्यावश्यक असल्याने. माणूस कागद दोन्ही हातांनी धरायचा. "बाई, काय लिहिलंय! मलाच कळलं नाही," असं प्लंबर म्हणाला होता आणि ते त्याने कौतुकाने म्हटलं होतं.

एकशेएकतीस माणसं बोलली होती. बाकीच्यांना बोलायची वेळही आली नव्हती, त्यांनी नुसती नावं पाठवली होती. आणि कागद सगळे एकच.

"मुदत कधीची?" बाईंनी विचारलं.

"मंगळवार, संध्याकाळी पाच."

"आणि हे तू मला का सांगतोस?"

सहा नंबर उठला. पिशवी उचलताना त्याने कोपऱ्यातल्या झाकलेल्या मशीनकडे पाहिलं.

"त्या सहा नंबरची एक कळ अडकायची, आठवतं? मी रडकुंडीला यायचो. तुम्ही मशीन बदलून दिलं नाहीत. म्हणालात, यावर शिकलास तर कुठेही बसशील." तो हसला. "बाई, मी आजवर कुठेही बसलो. अडलो नाही. एवढंच."

तो गेला. आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला आणि दारात वन्सं उभ्या राहिल्या.

वन्सं म्हणजे बाईंच्या मोठ्या नणंद. नणंद-भावजयीचं जे जगात होतं ते यांचंही होऊन गेलं होतं. पहिली वीस वर्षं मिठावरून, पुढची दहा वर्षं पडद्यांच्या रंगावरून. मग बाईंचे यजमान गेले आणि त्यानंतर दोन वर्षांत वन्संची दृष्टी गेली. त्याला आता नऊ वर्षं झाली. भांडायला घरात दोघीच उरल्या, तेव्हा भांडणंही जपून वापरावी लागत.

"ऐकलं मी," वन्सं म्हणाल्या. "आता काय करणार?"

"काय करणार? सांगणार सगळ्यांना."

"तुझी चूक म्हणून?"

"माझीच आहे, तर कोणाची म्हणून सांगू?"

दुपारी चार वाजता वर्गाची खोली भरली. बाकांवर माणसं, खिडकीत माणसं, जिन्यावर माणसं. बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. गावात कोणाच्या कागदाला नाव ठेवायला जागा न देणारी ही बाई, आणि आज स्वतःलाच नाव ठेवायला उभी होती. त्यांनी नियम सांगितला. मग म्हणाल्या,

"तुम्ही मला तुमचं सांगत होता आणि मी माझं लिहीत होते. मला वाटलं, मी तुमच्या बोलण्याला इस्त्री करते आहे. तुमचे दोनशे चौदा कागद मी एक करून ठेवले. चूक माझी आहे. मला माफ करा."

बाईंना वाटलं, आता कोणी तरी उठेल. उठले ते पोस्टमास्तर, आणि त्यांनी फक्त खिडकी उघडली.

"उकडतंय," ते म्हणाले. "बाई, कागद आहेत का कोरे?"

"आहेत."

"मग वाटा. अठरा दिवस तुम्ही आमच्यासाठी बोटं सुजवलीत. आता आम्ही दोन दिवस आमची सुजवतो. त्यात माफी कसली?"

"पण बाई, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," सलूनवाला म्हणाला.

"ज्याची त्याची कोंबडी वेगळी," मागून बसचा ड्रायव्हर म्हणाला. "तेच तर पाहिजे साहेबांना."

खोली हसली. बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि डोळे भरून आले म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. माणसं आपल्याशी इतकी चांगली वागतात, आणि आपण त्यांचं नीट ऐकूनसुद्धा घेतलं नाही, हे त्यांना फार लागलं.

त्या दिवशी आणि सोमवारी दिवसभर वर्ग पुन्हा चालू झाल्यासारखा होता. फक्त मशीनचा आवाज नव्हता. माणसं मान तिरकी करून लिहीत होती, पेनाचं टोक चावत होती. बाई सवयीने बाकांमधून फिरत होत्या, हात पाठीमागे घट्ट धरून. हात सुटले असते तर त्यांनी दुरुस्ती केली असती. एका कागदावर एकच वाक्य दीड पानभर चाललं होतं, कुठे थांबायचं नाव नाही. बाईंनी ओठ आवळले आणि पुढे गेल्या.

पण पुढे जाता जाता डोळे कागदावर पडत होतेच.

प्लंबरने लिहिलं होतं, 'मी गावातल्या सगळ्यांच्या घरात गेलो आहे, पण कोणाच्या घरात कोणी मला बस म्हणत नाही, कारण कपडे ओले असतात. मैदानात मी बसतो.'

ड्रायव्हरने लिहिलं होतं, 'दिवसभर लोकांना इकडून तिकडे नेतो. इथे मला कुठेही जायचं नसतं.'

रात्रपाळीची एक नर्स होती, फारशी कोणाशी न बोलणारी. तिच्या कागदावर चारच ओळी होत्या. 'सकाळी ड्युटी संपली की मी दहा मिनिटं शेवटच्या झाडाखाली थांबते. रात्री कोणी गेलं असेल तर रडून घेते. मग घरी जाऊन मुलांना उठवते. मला रडायला दुसरी जागा नाही.'

बाई त्या बाकाशी उभ्याच राहिल्या. हीच नर्स दहा दिवसांपूर्वी समोर बसून म्हणाली होती, "बाई, मला तिथे सकाळी जरा थांबता येतं." आणि बाईंनी टाइप केलं होतं, 'आरोग्याच्या दृष्टीने'. त्यांनी हळूच नर्सच्या खांद्यावर हात ठेवला. नर्सने मान वर केली.

"काही चुकलं का?"

"काही नाही चुकलं," बाई म्हणाल्या. "एक अक्षर बदलू नकोस."

सोमवारी सगळे गेल्यावर बाई स्वतः कागद घेऊन बसल्या. आपली हरकत स्वतःच्या हाताने लिहायची म्हटल्यावर त्यांचं घोडं पहिल्याच ओळीला अडलं. 'सदर' लिहिलं, खोडलं. आयुष्यातली पहिली खाडाखोड असावी. मग त्यांनी खरं काय ते लिहिलं: 'माझ्या नणंदेला दिसत नाही. तिला चालण्याची फार हौस आहे. टाकीच्या मैदानात खड्डा नाही, पायरी नाही, वाहन नाही. तिथे ती रोज तासभर एकटी, कोणाचा हात न धरता चालते. तिचं एवढं एकच सुख राहिलं आहे. ते काढून घेऊ नका.' लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. साडेपाच वाजले की हातातलं काम टाकून वन्संना मैदानावर न्यायचं, हे त्या नऊ वर्षं करत होत्या. थकल्या तरी, सर्दी असली तरी. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "काय करणार, वन्संना हिंडल्याशिवाय चैन पडत नाही."

मंगळवारी चार वाजता सगळे गठ्ठे घेऊन नगररचना कार्यालयात पोचले. वन्संनाही बरोबर आणलं होतं, कारण घरी एकटं ठेवायचं नाही हा बाईंचा नेम होता. खिडकीवर सहा नंबर बसला होता. त्याने बाईंना ओळख दाखवली नाही. ऑफिसात ऑफिसासारखं वागावं हेही बाईंनीच शिकवलं होतं. तो एकेक कागद घेत होता, पहिली ओळ वाचत होता, शिक्का मारत होता. बाई अगदी पुढे उभ्या होत्या. प्रत्येक शिक्क्याचा आवाज त्या मनात मोजत होत्या. दोनशे नऊ. चार माणसं गावाला गेली होती, त्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"झालं?" सहा नंबरने विचारलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला बावीस मिनिटं होती.

"झालं," पोस्टमास्तर म्हणाले.

"आणि माझं?" बाकावर बसलेल्या वन्सं म्हणाल्या.

बाईंनी कपाळाला हात लावला. पहिल्या वेळी त्यांनी वन्संसमोर टाइप केलेला कागद ठेवला होता, बोट धरून सहीची जागा दाखवली होती, आणि वन्संनी मुकाट्याने सही केली होती. दोन दिवस साऱ्या गावाला कागद वाटले आणि घरातलं माणूस राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"यांना लिहिता येत नाही," पोस्टमास्तर पुढे होत म्हणाले. "म्हणजे दिसत नाही. चालेल का दुसऱ्याने लिहिलेलं?"

"चालेल," सहा नंबर म्हणाला. "त्यांनी सांगायचं, दुसऱ्याने शब्दाला शब्द लिहायचं. मग माझ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवायचं. त्या 'बरोबर' म्हणाल्या की मी शिक्का मारतो. लिहिणाऱ्याने पदरचं काही घालायचं नाही." आणि मग त्याने जरा थांबून कोरा कागद खिडकीतून बाईंकडे सरकवला.

बाई वन्संच्या शेजारी बसल्या. मांडीवर फाइल घेतली, तिच्यावर कागद.

"सांगा वन्सं. लवकर."

"लिही. मला चालायची हौस नाही."

बाईंचं पेन थांबलं.

"अहो वन्सं, मैदान हवं म्हणून लिहायचं आहे."

"मी सांगते ते लिहिणार आहेस, की तुला सुचतं ते?"

खिडकीतून सहा नंबर खाकरला. बाईंनी लिहिलं.

वन्सं सांगत होत्या, मधे मधे थांबत होत्या, आणि बाई लिहीत होत्या. सुरुवातीला भरभर. मग त्यांचं अक्षर हळू झालं. मधेच त्यांनी एकदा मान वर केली, पण वन्संचा चेहरा समोरच्या भिंतीकडे होता. एकदा त्या "वन्सं, हे नको" असं अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "पदरचं घालायचं नाही, तसं पदरात लपवायचंही नाही," वन्संनी तितक्याच हलक्या आवाजात उत्तर दिलं. कागदाची एक बाजू भरली. वन्सं म्हणाल्या, "एवढंच."

"वाचा," सहा नंबर म्हणाला. पाच वाजायला आठ मिनिटं होती.

बाई उभ्या राहिल्या. तीस वर्षं त्यांनी उतारे वाचून दाखवले होते, मिनिटाला चाळीस शब्द, प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ. तो एकच आवाज त्यांच्याकडे होता. त्याच आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"'मला चालायची हौस नाही. माझे दोन्ही गुडघे दुखतात. तरी मी रोज साडेपाच ते साडेसहा टाकीच्या मैदानावर चालते, कारण मी घरात असले की माझी भावजय बसत नाही. मी भांड्याला हात लावला की धावत येते. मी न्हाणीघरात गेले की दाराबाहेर उभी राहते. मला दिसेनासं झाल्यापासून नऊ वर्षं…'"

बाई थांबल्या. मग त्यांनी ती ओळ पुन्हा सुरुवातीपासून घेतली.

"'नऊ वर्षं ती दुपारी झोपलेली नाही. तिला वाटतं, मला कळत नाही. मैदानात पडण्यासारखं काही नाही, म्हणून तिथे ती माझा हात सोडते आणि कट्ट्यावर जाऊन बसते. सुरुवातीला डावीकडे, उजवीकडे असं ओरडत असते. मग गप्प होते. मग जरा वेळाने आपल्याशीच गुणगुणते. ती घरात गुणगुणत नाही. तिला हे माहीत नसेल. तिचं गुणगुणणं चालू आहे तोवर मी फेऱ्या मारते, गुडघ्यांना सांगते, अजून थोडं. मैदान गेलं तर मी घरात बसेन, माझं काही अडणार नाही. पण तिने मला सगळं दिलं आहे, आणि माझ्याजवळ तिला द्यायला हा एक तास आहे. दुसरं काही नाही.'"

बाईंनी कागद खाली केला.

"पुढे?" वन्सं म्हणाल्या.

"संपलं."

"'म्हणून मैदान राहावं' राहिलं."

"ते लिहिलं आहे."

"लिहिलं आहे, पण वाचलं नाहीस. नियम काय आहे?"

बाईंनी कागद पुन्हा वर धरला. मिनिटाला चाळीस शब्दांचा तो आवाज आता कुठे गेला होता कोण जाणे.

"'म्हणून मैदान राहावं,'" त्यांनी वाचलं.

"बरोबर," वन्सं म्हणाल्या.

नर्स भिंतीकडे तोंड करून उभी होती. ड्रायव्हर घड्याळ बघत होता, पण वेळ पाहत असावा असं वाटत नव्हतं. सहा नंबरने कागद घेतला, बाईंनी जागा दाखवली तिथे वन्संची सही घेतली आणि शिक्का मारला. गठ्ठा लावताना त्याने मधून एक कागद काढला. तो बाईंचा होता, 'तिला चालण्याची फार हौस आहे' असं लिहिलेला. त्याने वन्संचा कागद त्याच्यामागे ठेवला, दोन्हींच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि गठ्ठा बांधला.

घरी परतताना बाईंनी वन्संचा दंड धरला होता. कोपऱ्यावर बाई म्हणाल्या,

"गुडघे दुखतात हे कधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर मलम घेऊन मागे लागली असतीस."

"लागले असते."

"मग तोही तास गेला असता."

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. रस्त्यात दोन्ही बरं दिसत नाही, म्हणून त्या पुढचा दगड बघत राहिल्या. नऊ वर्षं आपण कोणासाठी तरी झिजतो आहोत असं त्या समजत होत्या. त्याचा त्यांना थोडा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही होता. आणि शेजारी एक म्हातारी दुखऱ्या गुडघ्यांनी रोज तासभर चालत होती, कोणाला न सांगता. आपण किती नशीबवान आहोत, असं बाईंना त्या दिवशी वाटलं, आणि ते त्यांनी मनातल्या मनात स्पष्ट शब्दांत म्हटलं.

सुनावणी तीन आठवड्यांनी झाली. साहेब मोठे होते, बाहेरून आलेले. त्यांनी सकाळी दहाला हरकती वाचायला घेतल्या आणि दुपारी दोनपर्यंत वाचत होते. मधे त्यांनी चहा मागवला आणि तो गार झाला, हे चहावाल्याने स्वतः पोस्टमास्तरांना सांगितलं. दोनशे दहा माणसांनी दोनशे दहा कारणं लिहिली आहेत, अशी टीप त्यांनी आपल्या हाताने घातली. पुढच्या महिन्यात आदेश निघाला: टाकीची जागा सार्वजनिक उद्यानासाठी राखीव. सलूनवाल्याने तो मोठ्याने वाचून दाखवला. आदेशाची भाषा अगदी बाईंच्या कागदांसारखी होती, सदर भूखंड हा वगैरे. कोणाला काही कळलं नाही आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी साडेपाचला बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं नाही. मुद्दामच त्या डाळ निवडत राहिल्या.

"वन्सं, आज राहू दे. गुडघे दुखत असतील."

"दुखतात. चल."

मैदानावर गर्दी होती. लोक उगाचच जमिनीवर बसले होते, जणू आज ती पहिल्यांदा दिसत होती. पोस्टमास्तर कुठे बाक ठेवायचे ते पावलांनी मोजत होते. त्यांनी बाईंना दुरून हात केला. बाई वन्संना घेऊन कडेच्या झाडापर्यंत आल्या आणि थांबल्या. हात सोडेनात.

"उद्यापासून असं करू," बाई म्हणाल्या. "आपण दोघीही कट्ट्यावर बसू. गप्पा मारू. चालायलाच हवं असं काही नाही."

"आणि माझ्याशेजारी बसून तू काय करशील? ऊन लागतंय का, पाणी हवंय का, विचारत राहशील." वन्संनी आपला दंड सोडवून घेतला. "जा. बस तिकडे."

बाई काही तरी बोलणार होत्या. 'उपकार' हा शब्द तोंडाशी आला होता, पण तो अर्जात लिहायचा शब्द होता. त्या नुसत्याच "बरं" म्हणाल्या.

वन्सं चालायला लागल्या. तिसऱ्या झाडापाशी त्या किंचित थांबल्या आणि त्यांनी डावा गुडघा दाबला. बाई कट्ट्यावरून अर्ध्या उठल्या. 'वन्सं' अशी हाक ओठावर आली.

मग त्या परत खाली बसल्या. पाय लांब केले, चपला काढून ठेवल्या. वन्संनी दिलेला पुरता एक तास नीट घ्यायचा होता.